भाऊजींची जागा

कुणी भेटायला आलं की दादा आधी पाणी देत, मग चहाचं विचारत आणि चहा यायच्या आत पाहुण्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून धाकट्या भावाच्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावत. पाहुणा बिचारा सांत्वनाचे चार शब्द जुळवून आलेला असे. ते त्याच्या तोंडातच राहत. "बोलू नका, नुसतं ऐका," दादा म्हणत. सॅक्सोफोन सुरू होई. दादा डोळे मिटून मान डोलवत आणि वाजवणं मध्यावर आलं की उजव्या हाताचं बोट वर करत. "आता बघा हं. आता... ही!"

आणि तिथे काहीच नसे. सॅक्सोफोन एकदम थांबे, मागोमाग ड्रमही थांबत आणि बोलता बोलता माणसाने खिडकीबाहेर बघावं तेवढा वेळ नुसती शांतता. मग सूर दबकत दबकत परत येई.

"काय जागा घेतलीय!" दादा म्हणत. "अहो, वाजवणारे पैशाला पासरी मिळतील. न वाजवणारा हा एकच होता."

पाहुण्याला त्यातलं कळो न कळो, तो मान हलवी. घरचं माणूस गेलेल्याशी वाद कोण घालणार?

वहिनी त्या वेळी स्वयंपाकघरात असत आणि बरोबर त्या जागेला नळ सोडत. धुवायला भांडं असो की नसो. त्यांना ती जागा ऐकायची नसे, कारण ती जागा नव्हतीच मुळी. तिथे त्यांच्या दिराला श्वास पुरत नव्हता. हे वहिनींना माहीत होतं, दिराला स्वतःला माहीत होतं आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना. दादांना मात्र ते कळता कामा नये, एवढं एकच काम दीर जाताना वहिनींवर सोपवून गेला होता. नोकरी, घर, दुखणारा गुडघा हे सगळं सांभाळून वहिनी ते काम करत होत्या आणि तेच सगळ्यात जड होतं.

त्यांना वहिनी म्हणायचा हक्क खरा एकाचाच. पण त्याच्यामुळे ड्रमवाला, बासवाला लंबू, हॉलचा दरवान, झाडून सगळे त्यांना वहिनी आणि त्यांच्या नवऱ्याला दादा म्हणू लागले. आपणही तेच म्हणू. आणि वहिनी ज्याला भाऊजी म्हणत, त्याला भाऊजी.

वहिनी रुग्णालयात श्वास तपासायच्या खोलीत काम करत. दारावर खोलीचं लांबलचक नाव होतं, पण सगळा मजला तिला फुंकणी खोली म्हणे. आत एक यंत्र, यंत्राला एक नळी, नळीपुढे खुर्ची. आलेल्या माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात द्यायची आणि मग ओरडायचं. ओरडणं हा कामाचाच भाग. हळू सांगितलं तर माणूस लाजत लाजत फुंकतो आणि लाजत फुंकलेलं यंत्राला चालत नाही. "खोल घ्या... आणि फुंका! फुंका फुंका फुंका, अजून आहे, अजून, सोडायचं नाही... आता आत घ्या, घ्या श्वास!" दिवसभर हेच. वहिनींचा आवाज मूळचा किरटा, पण नोकरीने तो असा कमावला गेला होता की शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत दम रोखून उभी राहिलेली माणसंही तो ऐकून भसकन फुंकर सोडत. एक्स-रेवाल्याने त्यावरून वरपर्यंत तक्रार नेली होती.

वहिनींनी भाऊजींना पहिल्यांदा ऐकलं ते लग्नाला आठवडा झाला नसेल तेव्हा. "चल, धाकट्याचं ऐकायला जाऊ," दादा म्हणाले. दादा लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यामुळे घरची गाडी म्हणजे तीच, दोन्ही बाजूंना ब्रेक आणि डोक्यावर 'शिकाऊ' अशी ठळक पाटी. नवी नवरी त्या पाटीखाली बसून निघाली, तेव्हा रस्त्यावरची माणसं भराभरा बाजूला होत होती.

वाटेत दादांनी भावाची सगळी कथा सांगितली. आईवडील गेले तेव्हा दादांना नुकतं मिसरूड फुटत होतं आणि धाकटा शाळेत होता. त्याने एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेमागे सॅक्सोफोन पाहिला आणि तिथून हलेचना. दादांनी आपली मोटारसायकल विकून तो आणला. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. "मोटारसायकल विकून भोंगा घेतला!" अशी दादांची ख्याती झाली आणि ती लग्नापर्यंत टिकली होती.

ते एक बऱ्यापैकी रेस्टॉरंट होतं. स्वयंपाकघराचं झुलतं दार आणि गल्ला यांच्या मधल्या कोपऱ्यात भाऊजी उभे राहून वाजवत होते. वेटर ताटं घेऊन त्यांच्या कोपराखालून जात-येत होते. ऐकत कुणीच नव्हतं. वहिनींनाही आधी वाटलं, कुठे तरी म्हैस अडलीय. पण वाजवणं संपलं आणि दादा तोंडात घास तसाच ठेवून खुर्चीवरून उठले. "वन्स मोअर!" सगळे जेवणारे वळून बघायला लागले. वहिनींनी त्यांची बाही खाली ओढली. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं. "वन्स मोअर!" दादा पुन्हा म्हणाले. त्यांना जॅझमधलं काही कळत होतं अशातला भाग नाही. त्यांना वन्स मोअर कळत होतं. आणि भाऊजी काय, ते भावाने म्हटलं की वाजवत. त्या बाबतीत त्यांच्यात कधी घासाघीस झाली नाही.

त्या दुसऱ्या खेपेला वहिनींना एक गोष्ट दिसली. हा माणूस श्वासच घेत नाही. एक सूर सुरू झाला तो वर गेला, खाली आला, वळला, गिरकी घेऊन पुन्हा वर गेला, पण मध्ये कुठे खंड नाही. वहिनी नकळत आपलाही श्वास धरून बसल्या आणि त्यांना गरगरायला लागलं. कार्यक्रम संपल्यावर त्या दिराशी पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "भाऊजी, तुम्ही श्वास कधी घेता?"

"दादा झोपला की," भाऊजी म्हणाले.

तेव्हापासून वहिनींनी त्यांचं वाजवणं असंच ऐकलं. सूर कुठला, ताल कुठला, यात त्या पडल्या नाहीत. श्वास किती लांब जातो, एवढं त्या बघत आणि त्यातच त्यांना अख्खा आनंद होता. तळघरातल्या एका क्लबात भाऊजी बरीच वर्षं वाजवत. छत इतकं खाली की बासवाला लंबू मान वाकडी करूनच उभा राही. तिथे भिंतीला टेकून वहिनी ऐकत आणि मध्यंतरात सांगत, "आज दुसऱ्या गाण्यात कमाल केलीत हं, मला वाटलं आता फुटतात." लोक भाऊजींना रागांची, सुरांची, कुठल्या कुठल्या परंपरेची दाद देत. भाऊजी ती ऐकून घेत आणि मग वहिनींकडे वळून विचारत, "पास का नापास?"

"पास."

"वहिनी, मला फुप्फुसं आहेत की पखाली, सांगा एकदा."

"खोलीत या, यंत्रावर बसा, सांगते."

"नको बाई. तुमच्या यंत्राचा उगाच अपमान व्हायचा."

कपडे धुवायच्या यंत्रांच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं, तेव्हाचं वाजवणं तर वहिनी कधीच विसरल्या नाहीत. दोन यंत्रांच्या मध्ये भाऊजींना उभं केलं होतं. मालकाने गिऱ्हाइकांना दाखवायला एक यंत्र चालू केलं आणि ते ऐन वाजवण्यात गडगडायला लागलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. भाऊजींनी भुवया उडवल्या, ड्रमवाल्याने यंत्राचा ठेका पकडला आणि भाऊजी त्या यंत्राबरोबर असे गोल गोल फिरत गेले की कपडे पिळून यंत्र थांबेपर्यंत त्यांचा सूर तुटला नाही. यंत्र दमलं, भाऊजी नाही. लोकांनी दुकान डोक्यावर घेतलं. दादांनी वन्स मोअर दिला तेव्हा मालकाने खरंच यंत्र पुन्हा लावलं. नंतर तो भाऊजींना एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी जरा हळू वाजवा, यंत्राचा आवाज गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही."

असली वर्षं हातोहात जातात. भाऊजींचे केस पिकले, नाव झालं, मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम व्हायला लागले. लग्न त्यांनी केलं नाही. "घरात ओरडणारी एक बाई आहे, दुसरी कशाला?" असं ते म्हणत. मोठ्या हॉलमध्ये दादांची आणि वहिनींची जागा पहिल्या रांगेत असे, आणि तिथून वहिनींना एका हिवाळ्यात ते पहिल्यांदा ऐकू आलं. एका लांब सुराच्या ऐन भरात भाऊजी थांबले. अगदी जरासे. मग पुढे गेले. पुढच्या गाण्यात पुन्हा. मधूनमधून ते पडद्याआड जाऊन खोकून येत होते. कोरडा, फुसका खोकला. वहिनी तो खोकला रोज ऐकत, खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांचा.

पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी बोटं बघितली. दिव्याखाली सॅक्सोफोनच्या पितळेवर ती स्पष्ट दिसत होती. टोकं फुगलेली, नखं घड्याळाच्या काचेसारखी गोल. खोलीत येणाऱ्या, फुप्फुसं गेलेल्या माणसांची बोटं अशी असत. अशी बोटं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी येताना त्या म्हणाल्या, "भाऊजींचा श्वास तुटतोय."

"तुटत नाही गं, तोडतोय," दादा म्हणाले. "याला जागा घेणं म्हणतात. आता कुठे तो पिकलाय. पेपरवाल्याने काय लिहिलंय वाचलं नाहीस? 'आता त्यांच्या वादनाला मौन सापडलं आहे.' मौन! आणि तू म्हणतेस तुटतोय."

आणि खरी पंचाईत अशी की ते सुंदर होतं. पूर्वी भाऊजी वाजवत तेव्हा लोक थक्क होत. आता लोक रडत. ज्यांनी त्यांना आयुष्यभर टाळलं ते समीक्षकसुद्धा उठून उभे राहत. वहिनी एकट्या पहिल्या रांगेत हाताची मूठ आवळून बसत आणि प्रत्येक थांबण्याला मनात म्हणत, घ्या, आत घ्या. सूर परत आला की त्यांची मूठ सुटे. भोवती टाळ्या पडत असत. त्या टाळ्यांचा त्यांना इतका राग येई की कुणाला तरी धरून हलवावंसं वाटे. पण कुणाला आणि काय म्हणून?

त्यांनी भाऊजींच्या मागे लकडा लावला. "एकदा येऊन फुंकून जा." भाऊजी हसण्यावारी नेत. आज तालीम, उद्या प्रवास, परवा दादाला घेऊन कुठे तरी. मग एक दिवस सकाळी वहिनींनी बाकावरच्या पुढच्या माणसाला हाक मारायला दार उघडलं तर तिसऱ्या जागेवर भाऊजी बसलेले, मांडीवर कोट, शेजारच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत. रांग मोडून आत येईनात. नंबर आल्यावरच आले.

"लावा चिमटा," ते म्हणाले.

वहिनींनी चिमटा लावला. नळी तोंडात दिली. भाऊजींनी ती सवयीने ओठांत धरली, खालचा ओठ आत वळवून, आणि वहिनींना हसू आलं. त्या ओरडायला लागल्या. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. "खोल घ्या... आणि फुंका! फुंका फुंका फुंका, अजून..." पडद्यावरची रेघ चढली आणि लगेच खाली बसली. शाळेतल्या पोरीचीसुद्धा त्याहून लांब जाते.

"पुन्हा," वहिनी म्हणाल्या. "तीनदा करावंच लागतं. नियम आहे."

"तीनदा?" भाऊजी धापा टाकत म्हणाले. "दादाच्या वरताण झालं की हे."

तिन्ही वेळा रेघ तशीच बसली. भाऊजींनी चिमटा काढून तिच्याकडे नीट बघितलं. "नापास," ते म्हणाले. "मला माहीत होतं, वहिनी. पोटरीत गोळे येतात ना, तसं इथे येतं," आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलं ते वहिनींनी आधीच ओळखलं होतं. फुप्फुसं आतून वाळत, कडक होत चालली होती. ती परत मऊ होत नाहीत. औषधाने वेग थोडा कमी होईल, झाला तर. "वाजवलं तर चालेल?" भाऊजींनी विचारलं. वाजवल्याने आजार वाढत नाही आणि न वाजवल्याने थांबत नाही, त्रास मात्र होईल, असं डॉक्टर म्हणाले. "मग त्रास माझा मी बघतो," भाऊजी म्हणाले.

जिन्यात त्यांनी वहिनींना थांबवलं. "दादाला सांगायचं नाही."

"भाऊजी, असं कसं?"

"त्याला कळलं तर तो गाणं ऐकणार नाही, माझे श्वास मोजत बसेल. तुम्ही मोजताच आहात. तुमचं ऐकणं गेलं, ते माझ्यामुळे गेलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्याचं जाऊ द्यायचं नाही. माझं सगळं वाजवणं त्याच्यासाठीच आहे हो. माझ्या गळ्याची शपथ."

दिराने शपथ घातली आणि त्यांनी ती घेतली. करणार काय? श्वास देता येत नव्हता, निदान वचन देता येत होतं.

त्यानंतर भाऊजींनी किती तरी वेळा वाजवलं आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी. लांब सुरांची गाणी त्यांनी गुपचूप काढून टाकली. ड्रमवाल्याला आणि लंबूला सांगितलं, "मी थांबलो की तुम्हीही थांबा, मजा येते." त्यांनीही मजा म्हणून ते उचललं. तिघं एकदम थांबत आणि हॉल श्वास रोखून बसे.

शेवटचा कार्यक्रम एका रविवारी संध्याकाळी झाला. शेवटचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. संथ गाणं होतं. मध्यावर भाऊजी थांबले आणि या वेळी लवकर परत येईनात. वहिनींना त्यांचे खांदे वर गेलेले दिसले, मानेच्या शिरा ताठ झालेल्या दिसल्या. त्यांनी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला की नख मोडलं. मग सूर आला, फिकट, पण आला, आणि गाणं संपलं. हॉल उभा राहिला. आणि त्या सगळ्या गोंगाटावर दादांचा आवाज चढला, "वन्स मोअर!"

वहिनींनी त्यांची बाही ओढली. दादांनी ती झटकली. "वन्स मोअर! वन्स मोअर!" म्हणता म्हणता अख्खा हॉल ते म्हणायला लागला.

भाऊजी दादांकडे बघून हसले. कपाळावर घाम होता, ओठ निळसर होते. ते निळसर ओठ पहिल्या रांगेतून दोघांनीही पाहिले. एकाला तो दिव्यांचा रंग वाटला. भाऊजींनी सॅक्सोफोन पुन्हा ओठाला लावला आणि लहानसं काही तरी वाजवलं. चार-पाच वेळा थांबून. दादा रडत होते, आनंदाने.

आठ दिवसांनी भाऊजींना ताप भरला आणि पुढच्या आठवड्यात होत्याचं नव्हतं झालं. न्यूमोनिया, असं दादांना सांगितलं गेलं आणि ते खोटंही नव्हतं. फक्त आधीची सगळी गोष्ट त्यातून वगळलेली होती. रुग्णालय वहिनींच्याच नोकरीचं होतं. कोणत्या डॉक्टरांनी दादांशी काय बोलायचं, हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. शपथ तेव्हा साधी वाटली होती, जिन्यात. आता तिला दुसरं टोक फुटलं होतं. दादांना आजाराचं कळलं, तर वन्स मोअरचंही कळणार होतं. कुणाकडून मागितला आणि कुठल्या छातीतून मागितला, ते. माणूस एवढं कळल्यावर जगतो कसा? म्हणून त्या नळ सोडत.

मग वाद्यवाल्या मंडळींनी आठवणींचा कार्यक्रम ठरवला. त्याच हॉलमध्ये, सकाळचा. दादा बोलणार होते. महिनाभर ते आरशासमोर तयारी करत होते. विषय एकच, धाकट्याची जागा. "लोकांना नुसतं वाजवणं माहितीय," ते वहिनींना सांगत, "मी त्यांना थांबणं समजावून सांगणार." वहिनींनी जमेल तितके खोडे घातले. भाषण नको, नुसते फोटो दाखवा. रेकॉर्डिंग नको, ड्रमवाले वाजवतील. घसा बसेल तुमचा. दादा म्हणाले, "तुला गाण्यातलं काय कळतं?" आणि लगेच जीभ चावून म्हणाले, "तसं नव्हे गं. पण मला हे करू दे."

हॉल भरला होता. वहिनी पहिल्या रांगेत, एकट्या. दादा मंचावर माइकपुढे, मागे ड्रमवाला आणि लंबू खुर्च्यांवर. दादा चांगलं बोलले. मोटारसायकल आणि भोंगा ऐकून लोक हसले. मग त्यांनी खूण केली आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

घरातलं रेकॉर्डिंग लावायचं खोकं लहान होतं. इथे दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर होते. सूर आला तो भाऊजी अंगावर चालून आल्यासारखा आला. वहिनींची मूठ आपोआप आवळली. इथे नळ नव्हता. उठून जायचं तर पहिल्या रांगेतून, सगळ्यांसमोरून. दादांनी बोट वर केलं. "आता," ते कुजबुजले. सॅक्सोफोन थांबला, ड्रम थांबले.

आणि त्या मोठ्या स्पीकरमध्ये ती जागा रिकामी नव्हती. आत एक बारीक आवाज होता. बंद खिडकी कुणी आतून उघडू पाहावी तसा, अडकलेला, पुन्हा अडकलेला. घरी इतक्या वेळा लावून तो कधी ऐकू आला नव्हता. वहिनींनी तो ओळखला. रोज ऐकत होत्या त्या तो. खुर्चीत बसलेला माणूस, नाकाला चिमटा, डोळे बाहेर आलेले, आणि आता त्याला कुणी तरी सांगायला हवं, नाही तर तो घाबरतो.

"आत घ्या!" वहिनी ओरडल्या. "घ्या श्वास! घ्या, घ्या!"

तो कमावलेला आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आपण बोललो हे त्यांना त्यानंतर कळलं.

कुणी हसलं नाही. मागे कुणाची तरी खुर्ची वाजली. ड्रमवाल्याने आधी वहिनींकडे बघितलं, मग स्पीकरकडे, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मजा म्हणून थांबणाऱ्यांतला तो एक होता. दादांचं बोट वरच होतं. ते वहिनींकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, प्रश्नही नव्हता. गाडी शिकवताना पुढचं सगळं दिसत असतं आणि ब्रेकवर पाय वेळेत पोचत नाही, तेव्हा माणूस बघतो तसं ते बघत होते. सूर परत आला. जागा गेली.

रेकॉर्डिंग बंद करायचं भान कुणालाच राहिलं नाही. गाणं शेवटपर्यंत वाजलं. टाळ्या झाल्या आणि मग दोन्ही स्पीकरमधून दादांचा स्वतःचा आवाज निघाला, दणदणीत, आनंदाने फुटलेला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" दादा माइकपुढे उभे राहून तो ऐकत होते. वहिनी उठून मंचाच्या पायऱ्या चढल्या, पण तोवर लंबूने जाऊन यंत्र बंद केलं होतं.

गाडीत बसल्यावर दादांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. बाहेर लोक पांगत होते. काहींनी काचेतून नमस्कार केला. दादांनीही केला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन हिवाळे. ते स्वतःच आले होते खोलीत."

"काही उपाय?"

"नव्हता."

"काहीच?"

"काहीच नव्हता हो."

दादांनी मान हलवली. समोरच्या काचेवरचा डाग त्यांनी अंगठ्याने घासला.

"मी ओरडलो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मला थांबवायचंस."

"बाही ओढली होती," वहिनी म्हणाल्या.

दादांनी आपल्या बाहीकडे बघितलं. "मला वाटलं, तुला लाज वाटतेय. नेहमीसारखी."

"त्याने काही वाढलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाजवल्याने वाढत नाही. आणि त्यांना वाजवायचंच होतं. तुमच्यासाठीच वाजवायचं होतं." हे सगळं खरं होतं. वहिनींनी ते खरं म्हणूनच सांगितलं. पण गाडीत ते समजूत घातल्यासारखंच ऐकू आलं आणि त्याला त्यांचा इलाज नव्हता.

दादांनी गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर काढली, सिग्नलला थांबवली.

"घरी गेल्यावर ते लावू नकोस हं," ते म्हणाले.

वहिनींनी ते एकदाही लावलं नव्हतं.

"नाही लावणार," त्या म्हणाल्या.